‘एक राउंड मारून बघतो’ म्हणणाऱ्याच्या हातात किल्ली देण्याआधी

गाडी विकायला काढली की फोनवर नुसता भाव विचारणारे पन्नास, बघायला येणारे पाच, आणि त्या पाचातला प्रत्येक जण गाडीभोवती एक चक्कर मारून हमखास म्हणतो, “दादा, एक राउंड मारून बघू का?” त्याचं चूक काहीच नाही. न चालवता जुनी मोटरसायकल घेणाऱ्याचीच उलट मला जास्त भीती वाटते.

माझी जुनी पल्सर १५० विकताना मी असाच एकाला “हो, मारा की” म्हणालो आणि सोसायटीच्या कट्ट्यावर बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. फोन लावला तर बंद. त्याच्यासोबत आलेला मुलगा तिथेच उभा होता, म्हणून मी जरा निर्धास्त होतो. त्याला विचारलं तर म्हणतो, “काका, मी त्याला फारसा ओळखत नाही. माझ्या रूममेटचा मित्र आहे तो.” मला तिशीतच ‘काका’ म्हटलं याचं वाईट वाटायलाही त्या दिवशी वेळ मिळाला नाही. बेचाळीस मिनिटांनी गाडी आली. महाशय कोथरूडहून वारज्याला, ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी दाखवायला गेले होते. मेकॅनिकनेही एक राउंड मारला होता. पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवलेला होता. फोनचं चार्जिंग संपलं, एवढाच खुलासा मिळाला.

गाडी परत आली हे नशीब. त्यानंतर मी माझी क्लासिक ३५० आणि मामाची जुनी बुलेट अशा आणखी दोन गाड्या विकल्या. तेव्हा बसवलेली पद्धत पहिल्यांदाच गाडी विकणाऱ्यांसाठी इथे लिहितोय.

आधी हे जवळ ठेवा

- आरसी (गाडीच्या नोंदणीचं कार्ड), चालू विमा आणि पीयूसी (मूळ किंवा डिजिलॉकरमध्ये)
- दोन हेल्मेट, दोन्ही आयएसआय शिक्क्याची
- हवेचा दाब लिहिलेला गाडीवरचा स्टिकर किंवा मॅन्युअल
- कोरा कागद आणि पेन
- चार्ज केलेला मोबाइल
- घरातला किंवा ओळखीचा एक माणूस. एकट्याने हा कार्यक्रम करू नका.

दुसरी किल्ली मात्र घरातच ठेवा. ती पैसे पूर्ण मिळाल्यावर बाहेर काढायची.

१. भाव आधी, राउंड नंतर

बहुतेक जण इथेच उलटा क्रम लावतात. आधी राउंड, मग कागद, मग भाव. त्यामुळे वीस हजारांची तयारी असलेला माणूस चाळीस हजारांच्या गाडीवर मजेत फिरून जातो. रविवारी सकाळी फुकट क्लासिक चालवायला येणारी एक जमातच आहे. त्यांना ओळखायची सोपी खूण म्हणजे ते आरसी बघायला मागत नाहीत.

मी फोनवरच तीन गोष्टी सांगतो. गाडीतले दोष, अपेक्षित भाव आणि राउंडच्या अटी. दोष आधी सांगितले की निम्मी घासाघीस तिथेच संपते. “थंड असताना दुसरा गिअर जरा अडतो, मागचं टायर सहा महिन्यांत बदलावं लागेल,” असं मी क्लासिकबद्दल सांगितलं होतं. भेटल्यावर माणूस गाडी उभ्या उभ्या बघतो, कागद बघतो, मग आम्ही आकडा बोलतो. “चालवून पटली तर या भावाला घेणार ना?” याला सरळ ‘हो’ आलं तरच पुढे.

याच टप्प्यावर आणखी एक प्रकार भेटेल. “मी फौजेत आहे, बदली झाली आहे, गाडी न बघताच घेतो, क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करा म्हणजे ॲडव्हान्स जमा होईल.” पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. फोन ठेवून द्या.

२. गाडी तयार करा, पण तापवू नका

राउंडच्या आधी गाडी धुऊन, चालू करून, गरम करून ठेवण्याचा मोह होतो. जाणकार माणूस आल्याबरोबर इंजिनावर हात ठेवून बघतो. गरम लागलं की त्याच्या मनात पाल चुकचुकते, ‘सकाळी स्टार्ट व्हायला त्रास देत असणार.’ गाडी थंडच ठेवा आणि पहिल्यांदा स्टार्ट त्याच्यासमोर करा.

बाकी तयारी सुरक्षिततेची. दोन्ही ब्रेक, चेन किती ढिली आहे, हवा, क्लच केबलचे तुटू लागलेले धागे, ब्रेक लाइट, हॉर्न. पेट्रोल लिटर-दीड लिटर पुरे. राउंडला तेवढं भरपूर होतं, आणि कुणी वारज्याला निघालंच तर फार लांब जात नाही.

३. तुमचे कागद

विमा संपलेला असेल तर राउंड नाही. हा विषय इथेच संपला पाहिजे. गाडी रस्त्यावर आणायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे निदान थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. विकायचीच आहे म्हणून दोन महिने विमा न भरणारे खूप जण असतात, आणि नेमके त्याच दोन महिन्यांत वीस अनोळखी माणसं ती गाडी चालवतात.

पॉलिसी काढून एकदा वाचा. फक्त थर्ड पार्टी असेल तर रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचं नुकसान त्यात येतं, तुमच्या गाडीचं नाही. फर्स्ट पार्टी, म्हणजे आपल्या गाडीचंही नुकसान भरून देणारी असेल तर तुमच्या परवानगीने, वैध लायसन्स असलेल्या माणसाच्या हातून पडलेली गाडीही त्यात बसते. मात्र क्लेम केला की जमलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला. आणखी एक लक्षात ठेवा. पॉलिसीत जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा, म्हणजे तुमचा. राउंड मारणाऱ्याला तो लागू होत नाही. हे मी प्रत्येकाला तोंडावर सांगतो. निम्मे जण तेवढ्यावरच हळू चालवतात.

कर्ज असेल तर आरसीवर बँकेचा बोजा दिसतो. तो उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो, हेही आधीच सांगून टाका.

कागद दाखवा, झेरॉक्स वाटत बसू नका. अगदीच द्यावी लागली तर त्यावर आडवं ‘फक्त पाहण्यासाठी’ आणि तारीख लिहा.

४. त्याचं लायसन्स नुसतं बघू नका, वाचा

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू दिली तर कलम १८० खाली मालकालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन नंतर ती रक्कम मालकाकडून वसूल करायला येते. म्हणजे राउंड त्याचा आणि हप्ते तुमचे.

खिशातून कार्ड निघालं म्हणजे काम झालं नाही. त्यावर चार गोष्टी बघायच्या.

फोटो आणि माणूस एकच आहे का.

मुदत. पूर्वी लायसन्स वीस वर्षांसाठी मिळायचं. कॉलेजात असताना काढलेलं कार्ड चाळिशीत कधी संपलं हे कित्येकांच्या गावीही नसतं. माझ्याकडे आलेल्या एका बँक मॅनेजर गृहस्थांचं आठ महिन्यांपूर्वीच संपलं होतं. बिचारे इतके ओशाळले की चहासुद्धा न घेता गेले.

वर्ग. कार्डावर ‘एमसीडब्ल्यूजी’ असेल तर तो गिअरची मोटरसायकल चालवू शकतो. ‘एमसीडब्ल्यूओजी’ म्हणजे बिनगिअरची, ॲक्टिव्हासारखी. नुसतं ‘एलएमव्ही’ म्हणजे चारचाकी. कार चालवणाऱ्याला दुचाकी आपोआप चालते हा गैरसमज फार पसरलेला आहे.

आणि कच्चं की पक्कं. कच्चं असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

मोबाइलवरचा फोटो किंवा स्क्रीनशॉट मी धरत नाही. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन हे सरकारी ॲप समोर उघडायला सांगतो, त्याला अर्धं मिनिट लागतं.

अठराच्या आतला मुलगा वडिलांसोबत येतो, वडील म्हणतात, “चालवतो हो तो चांगली, गावाकडे लहानपणापासून चालवतोय.” चालवत असेल. पण २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ पालक आणि मालक दोघांनाही धरतं. २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. राउंड वडिलांनी मारावा, त्यांचं लायसन्स बघून.

५. तारण

त्याने आपली गाडी ठेवली की आपण निश्चिंत होतो. ती गाडी त्याची आहे का? नंबर एम-परिवहनवर टाकून बघा. मित्र मागे ठेवला तर त्या मित्राची किंमत काय, ते मी वर सांगितलंच आहे. आधार कार्ड ठेवून घेणंही मला पटत नाही. दुसऱ्याचं ओळखपत्र अडकवून ठेवायचा आपल्याला हक्क काय, आणि ते हरवलं तर नसता ताप.

ठरलेली पूर्ण रक्कम रोख किंवा खात्यात, राउंडपुरती. यासारखं दुसरं तारण नाही. पण खरं सांगतो, दहातले आठ जण याला तयार होत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे. तुम्ही पैसे घेऊन पळालात तर? अशा वेळी मी दुसरा मार्ग धरतो. त्याची स्वतःची, नाव जुळणारी गाडी किल्लीसकट, लायसन्सचा फोटो माझ्या मोबाइलवर, आणि व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन. त्यात पंधरा मिनिटांचा पर्याय असतो, तोच लावायला सांगा. पंधरा मिनिटं म्हटलं की वेळेचीही बोली आपोआप होते.

एवढं सगळं का, तर आपण आपल्या हाताने किल्ली दिली आणि माणूस पसार झाला, तर विमा कंपनी ‘ही चोरी नाही, विश्वासघात आहे’ म्हणून क्लेम अडवू शकते. कुलूप तोडून नेलेल्या गाडीचं सोपं असतं, किल्ली देऊन गेलेल्या गाडीचं नाही.

६. एक व्हिडिओ, एक चिठ्ठी

क्लासिकच्या वेळी एक मुलगा यू-टर्न घेताना गाडीसकट आडवा झाला. वेग काहीच नव्हता, त्याला खरचटलंही नाही. पण क्लच लिव्हर मोडली, इंडिकेटर लोंबायला लागला आणि लेग गार्ड आत दबलं. परत आल्यावर म्हणतो, “लिव्हर आधीच वाकडी होती.” नव्हती. पण माझ्याकडे पुरावा काय? शेवटी निम्मे-निम्मे केले.

तेव्हापासून राउंडच्या आधी मी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढतो. दोन्ही लिव्हर, आरसे, इंडिकेटर, सायलेन्सर, टाकीच्या दोन्ही बाजू, शेवटी किलोमीटरचा आकडा. तो माणूसही त्या व्हिडिओत आला पाहिजे. आणि एक चिठ्ठी, हाताने लिहिलेली चालते:

“मी (नाव, लायसन्स क्रमांक, मोबाइल) मोटरसायकल क्र. ______ विकत घेण्यापूर्वी तपासण्यासाठी आज दि. ______ रोजी सकाळी ७.४० ते ७.५५ या वेळेत मालकाच्या परवानगीने चालवत आहे. ठरलेला रस्ता सोडून जाणार नाही, गाडी दुसऱ्या कोणाला चालवायला देणार नाही. माझ्या हातून गाडीचं नुकसान झाल्यास दुरुस्तीचा खर्च मी देईन. या वेळेतलं चलन आल्यास मी भरेन. किलोमीटर: ______. सही.”

वेळ लिहायला विसरू नका. सिग्नल तोडल्याचं ई-चलन तुमच्या मोबाइलवर चार दिवसांनी येतं, तोवर तो मनुष्य गाडी न घेता गेलेला असतो. मात्र ही चिठ्ठी तुमच्या आणि त्याच्यातली आहे. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला लागलं तर ती दाखवून तुम्ही मोकळे होत नाही.

७. रस्ता तुम्ही ठरवा

“जा, कुठेही मारून या” हे वाक्य काढून टाका.

डावीकडून निघून सगळी वळणं डावीकडेच घेत परत येणारा चौकोन शोधा. उजवीकडे वळताना समोरची वाहतूक छेदावी लागते, आणि अनोळखी गाडीवर माणूस तिथेच गडबडतो. त्या चौकोनात एक चढ हवा, म्हणजे क्लच सरकतोय का ते त्याला कळतं. एकदोन स्पीडब्रेकर हवेत, शॉकॲब्सॉर्बरसाठी. चौथा गिअर पडेल एवढा एखादा सरळ तुकडा हवा. दोन किलोमीटर खूप झाले. चांदणी चौकाकडे, हायवेला किंवा पौड रोडच्या गर्दीत मी कुणाला जाऊ देत नाही. गावाकडे असाल तर ऊस तोडणीच्या दिवसांत कारखान्याचा रस्ता टाळा, बैलगाड्या आणि ट्रॉल्यांमधून कसला राउंड!

वेळ रविवारी सकाळी सात ते नऊ. संध्याकाळी उजेड उतरल्यावर नाही. जूनच्या पहिल्या पावसात तर नाहीच, तेव्हा रस्त्यावरचं तेल आणि चिखल वर येऊन साबणासारखं होतं.

भेट सोसायटीच्या फाटकाबाहेर, कॅमेऱ्याच्या टप्प्यात. घरात बोलवायची गरज नाही.

८. किल्ली देण्याआधीची दोन मिनिटं

आधी तुम्ही चालवा आणि त्याला मागे बसवा. गाडी कशी चालते ते त्याला बसल्या बसल्या कळतं, रस्ताही दिसतो. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट; कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर हे करू नका, कारण मागे बसलेला माणूस त्यात धरला जात नाही. मग नुसता रस्ता तोंडी समजावून सांगा.

नंतर गाडीच्या खोड्या सांगा. क्लच कुठे सुटतो, कुठला ब्रेक कडक आहे. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आहे की नाही हे नक्की सांगा. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत नाही. एबीएसची सवय असलेला माणूस पुढचा ब्रेक करकचून दाबतो आणि चाक लॉक होतं.

मामाच्या बुलेटने मला हे नीट शिकवलं. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. आजकालच्या गाड्यांच्या बरोबर उलट. एक तरुण आला, दोन वर्षं ड्यूक चालवणारा, आत्मविश्वास ओसंडून वाहत होता. मी सगळं सांगितलं, तो “हो हो” म्हणाला. मग मी त्याला इंजिन बंद ठेवूनच स्टँडवर बसवलं आणि म्हटलं, “समोर कुत्रं आलं, थांबा!” त्याने उजवा पाय दाबला. म्हणजे गिअर बदलला असता आणि कुत्रं चाकाखाली आलं असतं. दहा वेळा तसंच केलं, तेव्हा कुठे डावा पाय आपोआप जायला लागला. मग आमच्या मैदानाच्या भिंतीकडेने पहिल्या गिअरमध्येच चक्कर. किक मारायला मात्र त्याला येईना. आधी डिकॉम्प्रेशनची कडी दाबून अँमीटरचा काटा मध्यावर आणायचा असतो, हे त्याच्या पिढीला कोण सांगणार? गाडी शेवटी त्यानेच घेतली.

९. तो राउंडला गेल्यावर

घड्याळ बघा. लोकेशन चालू आहे ना बघा. वेळ संपून पाच मिनिटं झाली की फोन करा. फोन बंद आणि लोकेशनही बंद असेल तर लाजत बसू नका, ११२ ला फोन लावा आणि गाडीचा नंबर द्या. मी त्या दिवशी ‘उगाच बिचाऱ्यावर संशय कशाला’ म्हणत बेचाळीस मिनिटं बसलो. चोर असता तर तेवढ्यात खेड-शिवापूर ओलांडून गेला असता.

मेकॅनिकला दाखवायची असेल तर जरूर दाखवावी, पण मेकॅनिक इकडे येईल किंवा तुम्ही सोबत जाल. मेकॅनिकनेही चालवायची असेल तर त्याचं लायसन्स आणि वेगळी चिठ्ठी.

१०. परत आल्यावर

गाडी स्टँडला लागली की पहिल्यांदा किल्ली हातात घ्या, गप्पा नंतर. व्हिडिओतल्या जागा पुन्हा बघा, किलोमीटर ताडून बघा. दोनच्या जागी चार झाले असतील तर विचारा.

आता तो म्हणेल, “इंजिनाचा आवाज येतोय, पाच हजार कमी करा.” कुठला आवाज, कधी येतो, क्लच दाबल्यावर जातो का, हे विचारा. खरंच ऐकलेला माणूस नेमकं सांगतो. ऐकलेलंच नसलं की तो ‘आतून येतोय’ म्हणतो. खरा दोष निघाला आणि तुम्ही तो आधी सांगितला नसेल, तर मात्र भाव कमी करा.

व्यवहार ठरलाच तर पुढचं थोडक्यात. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून एजंटच्या हवाली करू नका, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरलेली असू द्या. राज्यातल्या राज्यात गाडी विकल्याचं आरटीओला १४ दिवसांत कळवायची जबाबदारी विकणाऱ्याची असते. आरसीवर तुमचं नाव आहे तोवर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात हेच सांगितलं, आणि तिथे तर गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती. डिलिव्हरीच्या पावतीवर तारखेबरोबर वेळ आणि किलोमीटरही लिहा. एम-परिवहनवर नंबर टाकला की मालकाच्या नावाची काही अक्षरं दिसतात. ती अक्षरं बदललेली दिसेपर्यंत ती पावती आणि राउंडची चिठ्ठी दोन्ही जपून ठेवा.